कोण धंगेकर?

फेब्रुवारी २०२३. कसबा पेठेच्या पोटनिवडणुकीचा प्रचार ऐन भरात आला होता. पुण्याचे तेव्हाचे पालकमंत्री, भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी प्रचारात एक प्रश्न टाकला, ‘हू इज धंगेकर?’ प्रश्न इंग्रजीत होता, पेठांत तो मराठीत पोचला. कोण हा धंगेकर? २ मार्चला कोरेगाव पार्कच्या धान्य गोदामात मतमोजणी झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी निवडून आले. भाजपचे हेमंत रासने पडले. शहरात लगोलग फलक झळकले, ‘धिस इज धंगेकर’.

हा किस्सा पुण्यात कट्ट्याकट्ट्यावर सांगून झाला आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट अस्वस्थ करते. त्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते कुणी दडवून ठेवलेलं नव्हतं. निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकांत ते १३ वर्षं उघडं पडून होतं.

२००९चा निकाल काढून बघा. कसब्यात भाजपचे गिरीश बापट उभे होते. १९९५पासून सलग तीनदा जिंकलेले, पेठेत घराघरात ओळख असलेले. समोर काँग्रेसकडून टिळक घराण्यातले रोहित टिळक, आणि नव्याने निघालेल्या मनसेकडून रवींद्र धंगेकर. बापट जिंकले, पण जेमतेम आठ हजारांनी. दुसऱ्या क्रमांकावर धंगेकर होते, त्यांच्या अगदी पाठीला लागून टिळक. दोघांच्या मतांची बेरीज ९० हजारांच्या वर जाते, बापटांची मते होती ५५ हजारांच्या आसपास. त्या रात्री पेठेत गुलाल उधळला गेला तो भाजपचा, आणि ते रीतसरच होतं. पण बेरीज-वजाबाकी जाणणाऱ्या माणसाला तेव्हाच दिसायला हवं होतं की हा गड भिंतींच्या जाडीवर उभा नव्हता. चाल करून येणारे दोन वाटांनी आले, म्हणून तो राहिला.

२०१४मध्ये युती तुटली, आघाडी तुटली, मोदींची लाट होती. बापट ४२ हजारांनी आले, धंगेकर तिसरे. इथे बहुतेकांनी वही मिटली. मग आली २०१७ची महापालिका. भाजपने पुण्यात पहिल्यांदाच एकहाती सत्ता आणली, आणि त्याच लाटेत, त्याच पेठांत, भाजपचे पालिकेतले गटनेते गणेश बिडकर पडले. त्यांना पाडणारा उमेदवार धंगेकर. शहरभर पक्ष जिंकत असताना गटनेता ज्याच्याकडून हरतो, त्या माणसाबद्दल सहा वर्षांनी ‘कोण’ असं विचारलं गेलं.

पाटलांनी तो शब्द हिणवण्यासाठी वापरला असेल किंवा सभेच्या ओघात, त्यांच्या मनात शिरण्याचा अधिकार मला नाही. ते मूळचे कोल्हापूरचे, २०१९ला कोथरूडमधून आमदार झालेले. पण पेठेत जन्म काढलेल्या त्यांच्या कार्यकर्त्यांना धंगेकर कोण हे पुरेपूर ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट वर पोचत नाही, हा मला या निवडणुकीतला खरा आजार वाटतो.

खाली काय शिजत होतं? कसब्याच्या भाजप आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ला गेल्या. कर्करोगाने खंगलेल्या अवस्थेत त्या जूनमध्ये रुग्णवाहिकेतून मुंबईला जाऊन राज्यसभेसाठी आणि विधान परिषदेसाठी पक्षाला मत देऊन आल्या होत्या. पेठेने ते पाहिलं होतं. उमेदवारी त्यांच्या घरात जाईल अशी अनेकांची समजूत होती, ती गेली नाही. २०१९मध्ये कोथरूडला तेव्हाच्या आमदार मेधा कुलकर्णींची उमेदवारी कापली गेली होती, त्या जखमेवरची खपली निघाली. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत नाराजीचे फलक लागले. ही नाराजी मतपेटीत किती उतरली हे नेमकं मोजता येत नाही, कारण रुसलेला मतदार बहुधा दुसऱ्याला मत देत नाही, तो घरी बसतो. पण २०१९मध्ये मुक्ताताईंना ७५ हजारांवर मते होती, रासनेंना ६२ हजारांच्या आसपास मिळाली, आणि पश्चिमेकडच्या पेठांतून जी आघाडी गृहीत धरली होती ती मिळाली नाही.

‘गृहीत धरणे’ हा आपला शब्द किती नेमका आहे. शत्रूला कमी लेखणं ही त्याचीच धाकटी पाती. आधी आपला माणूस गृहीत धरला जातो, मग समोरचा आपोआप छोटा दिसायला लागतो.

आणि कष्ट कमी पडले असं तर कुणी म्हणूच शकणार नाही. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, मंत्र्यांची रांग, रोड शो. गिरीश बापट तेव्हा खासदार होते आणि अत्यंत आजारी. नाकाला ऑक्सिजनची नळी, चाकाची खुर्ची, अशा अवस्थेत ते कार्यकर्त्यांसमोर आले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २९ मार्चला, ते गेले. ते दृश्य पाहून अनेकांचा जीव कळवळला, माझाही. एखादा पक्ष आपल्या मरणपंथाला लागलेल्या नेत्याला मैदानात आणतो तेव्हा त्याला लढाई अवघड असल्याचं कळलेलं असतं. म्हणजे आतून भीती होती आणि व्यासपीठावर ‘कोण’ हा प्रश्न होता. समोरच्याला कमी लेखणं हे पुष्कळदा अज्ञान नसतंच, आपल्याच लोकांना धीर देण्याची ती रीत असते. फक्त ती समोरच्याच्या लोकांनाही ऐकू जाते.

कसब्यात ती कशी ऐकू गेली असेल हे समजायला पेठेचा पूर्व भाग पायी फिरायला हवा. बाहेरच्यांना कसबा म्हटलं की सदाशिव-शनिवार आठवतात. पण मतदारसंघात गंज पेठ, घोरपडे पेठ, रविवार पेठ, मंडईच्या मागचा सारा गजबजाट येतो. तिथल्या गल्लीत मिरवणुकीचा रथ शिरत नाही, दुचाकी शिरते. धंगेकरांची ओळख दुचाकीवरून फिरणारा नगरसेवक अशीच होती. ड्रेनेज तुंबलं, दवाखान्यात खाट मिळेना, पोलिसांनी पोराला नेलं, की ज्याला हाक मारायची तो माणूस. अशा माणसाला ‘कोण’ म्हटलं की त्याला हाक मारणाऱ्या प्रत्येकाला आपण कोण असा प्रश्न पडतो.

या वेळी विरोधी मतेही दोन वाटांनी आली नाहीत. महाविकास आघाडीचा उमेदवार एकच होता, २००९ची बेरीज प्रत्यक्षात आली. मिळकतकरातली ४० टक्क्यांची सवलत गेल्यामुळे शहर धुमसत होतं, थकबाकीची बिले घरोघर पडली होती. निकालानंतर एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने ती सवलत परत दिली. पराभवाने सरकारचे कान उघडले असं मी ठासून म्हणणार नाही, पण तारखा शेजारी शेजारी आहेत.

पुण्याला असा उलटफेर नवा नाही. कसब्यातच १९८५ला काँग्रेसचे उल्हास काळोखे जिंकले होते. १९९१मध्ये अण्णा जोशी लोकसभेवर गेल्याने पोटनिवडणूक लागली, काँग्रेसच्या वसंत थोरातांनी भाजपच्या उमेदवाराला पाडलं. तो पडलेला उमेदवार म्हणजे गिरीश बापट. चार वर्षांनी तेच निवडून आले, आणि तेव्हापासून सलग पाचदा. बालेकिल्ला हा शब्द वापरताना हा इतिहास विसरला जातो. त्याहून मागे, १९५७ला, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री राहिलेले काकासाहेब गाडगीळ पुण्यात नानासाहेब गोरे यांच्याकडून हरले. गोरे गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगून आलेले, संयुक्त महाराष्ट्र समितीचे. स्वतः गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने बोललेले होते, तरी पक्षाने लोकांचा राग ओळखला नाही त्याची किंमत त्यांनी भरली. मुंबईत १९६७ला काँग्रेसच्या स. का. पाटलांच्या बाबतीत जॉर्ज फर्नांडिस यांच्या लोकांनी भिंतींवर एवढंच सांगितलं की तुम्ही पाटलांना पाडू शकता. पाटील पडूच शकत नाहीत ही समजूत मतदाराच्या मनातून काढणं, हीच त्या प्रचाराची निम्मी लढाई होती. कसब्यात ते काम धंगेकरांसाठी विरोधकांच्या प्रश्नानेच केलं.

मात्र गोष्ट २ मार्चला संपवणाऱ्यांनी पुढची निकालपत्रकं पाहिली नाहीत. विजयानंतर काँग्रेसच्या गोटात धंगेकर म्हणजे जिंकण्याचा हुकमी पत्ता झाले. २०२४ला त्यांना लोकसभेला उभं केलं. मुरलीधर मोहोळ सव्वा लाखाच्या आसपास मताधिक्याने जिंकले, आणि स्वतःच्या कसब्यातही धंगेकर मागे पडले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पुन्हा रासने विरुद्ध धंगेकर. रासने सुमारे १९ हजारांनी जिंकले.

इथले आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. धंगेकरांना पोटनिवडणुकीत ७३ हजारांच्या आसपास मते होती, या वेळी ७० हजारांच्या आसपास. म्हणजे त्यांची माणसं त्यांना फारशी सोडून गेलीच नाहीत. रासनेंची मते मात्र ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेली. फेब्रुवारीत घरी बसलेली पेठ नोव्हेंबरमध्ये बाहेर पडली. पोटनिवडणुकीला निम्म्याच्या आसपास मतदान झालं होतं, उरलेली निम्मी यादी कुणाची आहे याचा विचार जिंकलेल्यांनी केला नाही. त्यांनी आपल्या ७३ हजारांकडे पाहिलं आणि समोरचे ६२ हजार हीच त्याची ताकद समजले. त्यांनी मोठ्याने कुणाला ‘कोण’ विचारलं नाही इतकंच. मार्च २०२५मध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.

पोटनिवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी रासनेंनी पराभव मान्य केला आणि उमेदवार म्हणून आपणच कमी पडलो असं सांगितलं. पक्षावर, नाराज पेठांवर, पैशांवर, कशावरही त्यांनी तो ढकलला नाही. त्या दिवसाच्या गदारोळात हे वाक्य बातम्यांच्या तळाशी गेलं. सगळ्यांचं लक्ष फलकांकडे होतं.