ठरलेला आवाज

जून २०२५मध्ये ॲपलने ‘अलार्मकिट’ जाहीर केलं. आयफोन सायलेंटवर असला तरी आता बाहेरच्या ॲप्सनाही अलार्म खणखणीत वाजवता येणार. पहिल्या आयफोननंतर १८ वर्षांनी! बातमी वाचून आनंद झाला, पण राग त्याहून जास्त आला.

चावीच्या घड्याळांचा काळ सोडून देते. त्यांना गजर एकच होता. २००३मध्ये नोकिया ११०० आला. बंद करून उशाशी ठेवला तरी ठरल्या वेळी वाजायचाच. तो इमानीपणा पुढे राहिला नाही.

२०१५ नंतरचं दशक मात्र मनाला लागून राहिलंय. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ आलं आणि पडून असलेला फोन ॲप्सना झोपवू लागला. कारण खरं होतं. उठसूट फोन जागवणारी ॲप्स बॅटरी खात होती. पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. २०१७मध्ये नोटिफिकेशनचा आवाज ‘चॅनल’ला, म्हणजे नोटिफिकेशनच्या ठरावीक गटाला, बांधला गेला; चॅनल एकदा तयार झालं की ॲपला तो बदलता येईना. २०२१मध्ये नेमक्या मिनिटाला वाजायलाही खास परवानगी लागू लागली. आयफोनवर नोटिफिकेशनच्या आवाजाला ३० सेकंदांची मर्यादा होती. २०१८पासून सायलेंट ओलांडायची मुभा मिळाली, पण ॲपलने मंजूर केलेल्या मोजक्या ॲप्सनाच.

या नियमांच्या चर्चेत बॅटरीबद्दल भरपूर बोललं गेलं, ऐकणाऱ्याबद्दल फार कमी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला डोळ्यांत तीन औषधं घालायची होती. स्क्रीन नीट दिसत नव्हती, म्हणून औषधांची आठवण देणाऱ्या ॲपमध्ये प्रत्येकाला वेगळा आवाज लावला: देवळातली घंटा, तानपुरा, कोंबडा. घंटा झाली की ती रबरबँड गुंडाळलेली बाटली चाचपून उचलायची. कुणाला विचारावं लागत नव्हतं. मग एका रात्री ॲप अपडेट झालं आणि तिन्ही औषधांना एकच ‘टिंग’ उरलं. तेव्हापासून आतून हाक येऊ लागली, “अगं, हे कुठलं वाजलं?”

ज्याला दिसत नाही, त्याला आवाजच वाचावा लागतो. त्याने निवडलेल्या आवाजाला अपडेटने परस्पर हात लावता कामा नये. बदलायचाच असेल तर आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हटलं तर ऐका. अलार्मकिटने वाजण्याची सोय केली. आता ठरलेलाच आवाज वाजेल, ही हमी प्रत्येक फोनवर मिळायला हवी.