गोळी तीच, मग रक्त पुन्हा कशाला?

कूपर असो वा राजावाडी, मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बसलेल्या आईबापांना हा प्रश्न पडतोच. मुलगा क्लोझापिनवर आहे, गोळी बदललेली नाही, तरी डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगतात. यात दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि त्यांची गल्लत होते.

स्किझोफ्रेनियात दोन औषधे पुरेसे दिवस देऊनही भास आणि संशय हटले नाहीत, तर क्लोझापिन देतात. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या, काही दगावलेही. पुढे १९८८ च्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले की दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्यांनाही ते लागू पडते. तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. म्हणून आपल्याकडे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला सीबीसी करतात. मध्येच ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी. ही झाली पहिली तपासणी.

दुसरी म्हणजे औषधाची लेव्हल. रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्या दोघांच्या रक्तात औषध सारखेच असेल असे नाही, कारण प्रत्येकाचे यकृत ते वेगवेगळ्या वेगाने संपवते. आशियाई लोकांत बहुधा कमी डोसवरही पातळी चांगली चढते, त्यामुळे परदेशी पुस्तकातला डोस आपल्या माणसाला जड होऊ शकतो. साधारणपणे मिलिलिटरमागे ३५० नॅनोग्रॅमच्या वर गुण येण्याची शक्यता वाढते. ६०० च्या पुढे गुंगीसारखे त्रास वाढतात आणि १००० च्या वर फिट येण्याची भीती असते. पण माणूस २५० वर नीट असेल, कामाला जात असेल, तर केवळ आकड्यासाठी डोस वाढवू नये.

सगळ्यात जास्त घोळ बिडी-सिगारेट घालते. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन भराभर संपवते. समजा, मुलुंडच्या एका घरातला तरुण रोज बंडलभर बिड्या ओढतो आणि त्यावर त्याचा डोस बसलेला आहे. तो आजारी पडून वॉर्डात राहिला, बिडी सुटली. आठवड्याभरात त्याच गोळ्यांवर लेव्हल दीडपट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. तो दिवसभर झोपतो, लाळ गळते, तोल जातो. घरच्यांना वाटते आजार उलटला. बिडी जरूर सोडावी, पण आधी डॉक्टरांना सांगून. हे धुराचे काम आहे, निकोटीनचे नव्हे. त्यामुळे मिश्री किंवा तंबाखू सोडल्याने लेव्हल अशी हलत नाही (तोंडाचा कॅन्सर हा वेगळा विषय). जोराचा ताप, छातीचा संसर्ग आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनीही लेव्हल चढते. तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनाही क्लोझापिन चालू असल्याचे सांगा.

उलटही घडते. गुण येत नाही म्हणून डोस वाढवत नेला आणि लेव्हल जवळपास शून्य निघाली, म्हणजे गोळ्या पोटात जातच नव्हत्या. अशा वेळी आरडाओरड करू नका. शौचाला होत नाही, सकाळी उठवत नाही, अशी कारणे त्यामागे असतात, ती विचारा. आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला असेल, तर जुना पूर्ण डोस एकदम देऊ नका. डॉक्टर तो थोड्यापासून पुन्हा चढवतात.

केईएममध्ये रक्तातील औषध मोजून डोस ठरवण्याचे काम जुने आहे, मुख्यतः फिट्सच्या औषधांसाठी. लिथियम घेणाऱ्यांनाही अशी तपासणी माहीत असते. क्लोझापिनची लेव्हल मात्र सगळीकडे होत नाही आणि बाहेर ती महाग पडते. म्हणून कुठे होईल हे डॉक्टरांनाच विचारा. उपचारांची माहिती मागणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

पैसे खर्चून रक्त द्यायचेच, तर वेळ चुकवू नका. रात्रीची गोळी ९ ला घेतली असेल, तर सकाळी ९ लाच रक्त द्यावे आणि सकाळची गोळी त्यानंतर घ्यावी. ती डबीत घालून सोबत न्या. बोरिवलीहून लोकलने जाणार असाल तर गर्दीचा हिशेब धरून निघा. चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ, रोजचा डोस, दिवसाला किती बिड्या आणि अलीकडे ताप येऊन गेला का, एवढे लिहून द्या.