जुन्या बाकाची दुरुस्ती

मुलांनो, कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांवर थांबते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उल्हासनगरच्या जागी सैनिकांची छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली. तेव्हा सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी याच छावणीच्या जुन्या बराकींत संसार मांडले. १९४९ साली या वसाहतीला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. दुसऱ्याने सोडलेली वस्तूही नव्याने उपयोगी पडते, हे या शहराने दाखवून दिले आहे.

या भागात जुनी घरे पाडली जातात, तेव्हा दारे, खिडक्या आणि अंगणातले बाक भंगारात जातात. असे एखादे बाक तुम्हाला दिसले, तर मालकाला विचारून घरी आणा. ते सागवानाचे असेल, तर सरपणात मुळीच घालू नका. सागाचे झाड चांगले मोठे होण्यास अनेक दशके लागतात. त्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजासहजी लागत नाहीत.

बाक करडे दिसले, म्हणून ते कुजले असे समजू नका. उन्हामुळे लाकडाचा फक्त वरचा पातळ थर करडा होतो. आतले लाकूड तपकिरी आणि मजबूत असू शकते. मग ते कुजले आहे की नाही, हे कसे ओळखावे? टोकदार खिळा लाकडात दाबून पाहा. तो सहज आत गेला, तर ती जागा कुजली आहे. पायांची टोके आणि सांधे आधी तपासा, कारण तेथेच पाणी साचते. लाकूड सतत ओले राहिले की त्यात बुरशी वाढते. कोरड्या लाकडात ती वाढू शकत नाही.

आता कामाला लागू या. बाक ब्रशने धुऊन काही दिवस सावलीत वाळवा. गंजलेल्या बोल्टवर रात्री थोडे रॉकेल सोडा, म्हणजे ते सकाळी सैल होतील. कुजलेली फळी काढून तिच्या मापाची दुसरी फळी बसवा. दोन फळ्यांमध्ये थोडी फट ठेवा. त्या फटीतून पावसाचे पाणी खाली गळून जाईल. साध्या लोखंडी स्क्रूमुळे सागवानावर काळे डाग पडतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

नंतर पॉलिश पेपरने लाकूड घासा. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने घासावे. बाकावर जुना रंग असेल, तर मात्र थांबा. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ विषारी असते. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून कडक मर्यादा आहे. पण हा रंग त्याआधीचा असू शकतो. तो काढण्याचे काम जाणत्या सुताराकडे सोपवा.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या. फळ्यांच्या खालच्या बाजूला आणि पायांच्या टोकांनाही तेल लावा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्यांना उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

हे सारे काम मे महिन्यापर्यंत पूर्ण करा, कारण जूनमध्ये पाऊस सुरू होतो. बाकाचे पाय मातीत न ठेवता दगडावर किंवा विटेवर ठेवा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तेलाचा एक हात द्या.

हे काम शिकायचे असेल, तर जवळच्या सुताराकडे जा. त्याच्याकडील रंधा म्हणजे तुमचा 'रंदा'. 'दुरुस्त' आणि 'कारागीर' हे शब्द तर तुम्ही घरी रोजच ऐकता. त्यामुळे त्याची भाषा तुम्हाला परकी वाटणार नाही. बाक तयार झाले की ते दारापुढे सावलीत ठेवा. बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या एखाद्या आजीला तेथे घटकाभर बसता येईल.