व्हेंटिलेटरवरील रुग्णाची मुखस्वच्छता : शुश्रूषेचे एक मूलभूत अंग

अतिदक्षता विभागातील रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा विचारतात, "सिस्टर, ते तोंडाने काहीच घेत नाहीत, मग दात कशासाठी घासायचे?" प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु त्याचे उत्तर रुग्णाच्या फुप्फुसांशी निगडित आहे.

निरोगी माणसाचे तोंड लाळेने सतत धुतले जाते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घातलेली असल्याने तोंड उघडे राहते व कोरडे पडते. गुंगीच्या औषधांमुळे गिळणे व खोकणे मंदावते. दातांवर चिकट थर साचतो आणि गंभीर आजारात थोड्याच दिवसांत तेथे घातक जंतू वाढू लागतात. नळीच्या खालच्या टोकाजवळील लहान फुगा हवेची गळती रोखतो. तथापि तोंडातील दूषित स्राव त्यावर साचून कडेने फुप्फुसांत झिरपू शकतो. नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाचे हे एक प्रमुख कारण होय. असा न्यूमोनिया झाल्यास व्हेंटिलेटरवरील दिवस व उपचारांचा खर्च वाढतो. काही रुग्णांच्या तो जिवावरही बेततो.

म्हणूनच मुखस्वच्छता ही केवळ टापटीप नसून उपचाराचाच भाग आहे. वैद्यकीय अडचण नसल्यास रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवले जाते. फुग्यातील दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतका आहे ना, हे तपासले जाते. नळीवरील कोणती खूण ओठांशी आहे, याचीही नोंद होते. रुग्ण गुंगीत असला तरी "काका, आता दात घासते हं" असे सांगूनच काम सुरू करावे. शक्यतो एकीने नळी धरावी व दुसरीने लहान, मऊ ब्रशने दात, हिरड्या व जीभ हळुवार स्वच्छ करावी. सुटलेला स्राव व पाणी त्याच वेळी सक्शनने ओढून घेणे अत्यावश्यक असते. तोंडात व्रण किंवा रक्तस्राव आहे का, हे पाहून अखेरीस ओठ व तोंड ओलसर केले जाते आणि नळीची खूण पुन्हा पडताळली जाते. रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो.

या विषयातील ज्ञानही बदलले आहे. अनेक वर्षे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणावर मोठी भिस्त होती. पुढे, २०१४ सालापासून झालेल्या विश्लेषणांत त्याच्या लाभाविषयी शंका उपस्थित झाली. त्याने मृत्यूचे प्रमाण वाढत असावे, अशीही भीती व्यक्त झाली. अमेरिकेतील संसर्गनियंत्रण तज्ज्ञांच्या संस्थांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दात घासणे आवश्यक मानले आहे. क्लोरहेक्सिडिनचा वापर मात्र सर्वसाधारणपणे करू नये, असे म्हटले आहे. दातांवरील थर ब्रशने घासूनच निघतो. नुसत्या द्रावणाने नव्हे.

नातेवाईकांनी रुग्णाची कवळी, हलणारे दात, तंबाखूची सवय यांची माहिती परिचारिकेस अवश्य द्यावी. मात्र रुग्णाच्या तोंडात पाणी घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

व्हेंटिलेटर देणगीतून विकत घेता येतो. त्यावरील रुग्णाचे तोंड दिवसातून अनेकदा स्वच्छ ठेवायला मात्र प्रशिक्षित हात आणि त्यांना पुरेसा वेळ लागतो. यंत्रांइतकीच परिचारिकांची पुरेशी संख्या व त्यांचे प्रशिक्षण यांकडेही हितचिंतकांनी लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.