पाळी चुकल्यावर विचारायचे कोणाला?

शाहूवाडी, गगनबावडा किंवा चंदगडहून अकरावी-बारावीसाठी कोल्हापुरात येणाऱ्या मुलामुलींना शरीरसंबंधांविषयी मोबाइलवर हवे तितके वाचायला मिळते. दुर्मीळ आहे ती त्यातले खरे-खोटे निवडून सांगणारी आणि ऐकलेले गावभर न करणारी व्यक्ती. अशी उत्तरे देण्याचे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केले, आणि त्याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला मनाई झाली, हे खेदजनक आहे.

अज्ञानाची किंमत तातडीच्या गर्भनिरोधक गोळीच्या बाबतीत स्पष्ट दिसते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या गोळीतील लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक, म्हणजे शरीराच्या क्रियांना आज्ञा देणारे रसायन, बीजांड बाहेर पडणे लांबवते; म्हणून ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. गर्भ रुजल्यानंतर, म्हणून पाळी चुकल्यावरही, तिचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासून ती मुळीच वाचवत नाही. गर्भ आणि संसर्ग या दोन्हींना अटकाव करणारे साधन निरोध हेच आहे.

डॉक्टरांकडे जायला उशीर होण्यामागे कायद्याची भीतीही असते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नसते आणि अशा संबंधांची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांवरही बंधनकारक असते. मात्र मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपातासंबंधीच्या अशा माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती मात्र लागतेच. ओळख गुप्त राहण्याचा हा दिलासा ज्या घरांत पोहोचायला हवा, तिथे तो क्वचितच पोहोचतो.

दहा ते एकोणीस वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाने समुपदेशन केंद्रे चालवली जातात, आणि ती कल्पना उत्तम आहे. परंतु केसपेपरच्या रांगेत गावाकडचे कोणी भेटेल या धास्तीने मुलगी माघारी फिरत असेल, तर समुपदेशकाने स्वतः महाविद्यालयात जावे आणि केंद्राची वेळ तास सुटल्यानंतरची, शेवटच्या एसटीआधीची असावी.