पस्तीस कोटी गाठी आणि एक वकील

चरख्यावरचं सूत गुंडीत मोजतात. एक गुंडी म्हणजे १००० मीटर. सेवाग्रामकडच्या माणसाला हे सांगायला नको. आता या सुताचे मीटरभराचे तुकडे करा, प्रत्येकात एक गाठ मारा आणि दोन्ही टोकं कायमची जोडून टाका, म्हणजे गाठ सुटायची सोयच उरणार नाही. गणितातली गाठ ती हीच. ती सपाट ठेवल्यावर दोरा जिथे स्वतःलाच ओलांडतो, त्या जागेला फुली म्हणू.

तीन फुल्यांपेक्षा कमीत गाठ होत नाही. तीनची गाठ एक, चारची एक, पाचच्या दोन, सहाच्या तीन, सातच्या सात. इथवर पोरखेळ. दहाला १६५, सोळाला १३,८८,७०५, एकोणीसला २९,४१,३०,४५८. (आरशातली जोडीदार वेगळी धरलेली नाही, आणि लहान गाठी जोडून केलेल्या गाठी मोजलेल्याच नाहीत.) बेंजामिन बर्टन यांनी २०२० मध्ये एकोणीसपर्यंतची यादी पुरी केली, तेव्हा बेरीज भरली ३५,२१,५२,२५२. सूत लागेल साडेतीन लाख गुंड्या, म्हणजे ३,५२,१५२ किलोमीटर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे.

पण मला या आकड्याचं फारसं अप्रूप नाही. गाठी मारत सुटणं सोपं. समोरच्या दोन गाठी मुळात एकच आहेत का, हे ठरवताना घाम फुटतो. चार्ल्स लिटल यांच्या १८९९ च्या तक्त्यात दहा फुल्यांच्या दोन गाठी वेगवेगळ्या म्हणून छापल्या गेल्या आणि पाऊणशे वर्षं तशाच राहिल्या. १९७४ मध्ये केनेथ पर्को या न्यूयॉर्कच्या वकिलाने दाखवून दिलं, की त्या दोन्ही एकच. १६६ च्या १६५ झाल्या त्या अशा.

खरा भोवळ आणणारा हिशेब पुढेच आहे. दहा फुल्यांचा गुंता दिसतोय, पण तो नुसता पिळलेला साधा वेढा आहे, असं समजा. चित्रात करायच्या चाली तीनच प्रकारच्या. मग किती चालींत तो नक्की मोकळा होईल? हास आणि लगारियास यांनी २००१ मध्ये दिलेली हमी अशी : दोनचा एक लाख कोटीवा घात, त्याहून जास्त चाली लागणार नाहीत. ही संख्या सुमारे ३०,१०० कोटी अंकी आहे. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता, ती नुसती लिहायलाच साडेनऊ हजार वर्षं लागतील. २०१५ मध्ये मार्क लॅकेन्बी यांनी हीच हमी ३८ अंकांवर आणली. लिहायला पाऊण मिनिट पुरे. चाली करायला बसलात तर मात्र विश्वाचं आजवरचं वयही अपुरं.

आपल्याकडचं काम याच्या अगदी उलट टोकाचं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले अनंत शास्त्री यांनी १९९२ च्या लेखात तीन फुल्यांची गाठ तीन बहुपदींत बसवली. टोकं मात्र जोडायची नाहीत, अनंतात जाऊ द्यायची. क ही बदलती संख्या; तिची प्रत्येक किंमत दोऱ्यावरचा एक बिंदू देते. आडवी जागा : क चा घन वजा ३क. उभी : क चा चौथा घात वजा क च्या वर्गाची चौपट. उंची : क चा पाचवा घात वजा १०क. क ला तीनचं वर्गमूळ द्या, मग तेच ऋण करून द्या. दोन्ही वेळा आडवी जागा ०, उभी −३. उंची मात्र एकदा −१.७३, एकदा +१.७३. म्हणजे एक दोरा दुसऱ्याच्या वरून गेला. झाली एक फुली. उरलेल्या दोन वहीच्या अर्ध्या पानात निघतात.