उलट बाजू (भाग ७) : यादीतली नावं झाकू नका

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्या दिवशी ज्यांना मनापासून आनंद झाला त्यांच्यात मी होतो, आणि तो निकाल आजही मला तितकाच मोलाचा वाटतो. तरीही या भागात जे मांडायचं आहे ते अनेकांना त्या निकालाच्या विरोधातलं वाटेल. त्या हक्काचं नाव घेऊन केलेल्या कायद्यातलं एक कलम सामान्य माणसाच्या मुळावर आलं आहे आणि ते रद्द झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. गेल्या आठवड्यात आपण त्यातल्या संमतीच्या तरतुदी पाहिल्या. मोबाईल कंपन्या, बँका, ॲपवाले आपल्या माहितीचं काय करतात याला लगाम घालणारा कायदा, अशीच त्याची ओळख झाली आहे. पण त्याच्या शेवटाकडे ४४(३) हे कलम आहे. त्याचा ॲपशी काही संबंध नाही. ते माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदलतं.

हे कलम आधी कसं होतं ते नीट पाहू, कारण सगळं त्यात आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा जन माहिती अधिकाऱ्याला २००५ पासूनच होती. पण त्यासाठी दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागे : त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगी आयुष्यात नाहक ढवळाढवळ होते. आणि यापैकी काही असलं तरी व्यापक जनहित मोठं वाटलं, तर माहिती द्यायची. शेवटी एक परंतुक होतं : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराला जे मिळेल ते त्याला निवडून देणाऱ्यालाही मिळेल, इतकं सरळ. माझ्या मते संपूर्ण कायद्यातलं सर्वांत लोकशाहीवादी वाक्य हेच होतं.

आता यातलं काही उरलेलं नाही. अटी गेल्या, परंतुक गेलं. माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढं कारण नकाराला पुरतं.

कुणी म्हणेल, वैयक्तिक माहिती झाकली तर बिघडलं काय? ग्रामपंचायतीने केलेल्या एखाद्या रस्त्याचे कागद डोळ्यांपुढे आणा. मोजमाप पुस्तिकेत मोजणी करणाऱ्या अभियंत्याचं नाव आणि सही असते. देयकावर ठेकेदाराचं नाव असतं. रोजगार हमीचं काम असेल तर हजेरीपटावर मजुरांची नावं, कामाचे दिवस आणि मजुरी. घरकुलाच्या यादीत लाभार्थ्यांची नावं. हे सगळं कुणाची ना कुणाची वैयक्तिक माहितीच आहे. आता त्यावरची नावं पुसा. खडी किती, डांबर किती, रक्कम किती, हे आकडे उरतील. पण पैसा कुणाच्या हाती गेला आणि त्यावर सही कुणाची, हे कळणार नाही. भ्रष्टाचार नेहमी माणसंच करतात, आणि माणसं नावानेच ओळखावी लागतात.

माहितीच्या अधिकाराची चळवळच मुळी नावांपासून सुरू झाली. राजस्थानात अरुणा रॉय आणि त्यांच्या सोबतच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी घेतली. गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचायचा, इतकीच तिची रीत. अशा सुनावण्यांत नाव वाचलं की गावकरीच सांगत, हा माणूस तर मरून गेला, हा कधीच शहरात निघून गेला, या बाईने त्या कामावर पाऊलही ठेवलं नव्हतं. हिशेब तपासनिसाला जे दप्तरात बसून दिसलं नसतं ते निरक्षर मजुरांना नुसतं ऐकून कळत होतं, कारण नावामागचा माणूस त्यांना ठाऊक होता. आज तोच हजेरीपट ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारता येईल.

आपल्याकडचं उदाहरण कुलाब्यातल्या आदर्श सोसायटीचं. ती ३१ मजली इमारत गाजली ती तिच्या सभासदांच्या यादीमुळे. ते प्रकरण बाहेर काढण्यात माहिती अधिकारातून मिळवलेल्या कागदांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यापायी मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि पुढे चौकशी आयोगाने २५ सभासद अपात्र ठरवले. सभासद कोण, कुणाचे नातेवाईक, उत्पन्न किती, हे प्रश्न त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होते. नव्या कलमाच्या भाषेत यातला एकूण एक प्रश्न वैयक्तिक आहे.

वाट तशी आधीच अरुंद होत चालली होती. भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दलच्या अर्जावर गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये निर्णय दिला, की अधिकाऱ्याला दिलेल्या ज्ञापन-नोटिसा, त्याची मालमत्ता, प्राप्तिकर विवरणपत्रं ही वैयक्तिक माहिती आहे. तेव्हापासून या निकालाचं नाव टाकून अर्ज परत पाठवायची पद्धत कार्यालयांत रुळली. पण तेव्हा निदान जनहिताच्या मुद्द्यावर त्याच कलमाखाली भांडता येत होतं.

सरकारचं उत्तर असं की कलम ८(२) शाबूत आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येतेच. खरं आहे, ते कलम आहे. पण ते कार्यालयाला माहिती देण्याची मुभा देतं, आणि मुभा वापरण्याची घाई कुठल्याही कार्यालयाला नसते. पूर्वी नकार देणाऱ्याला अटींवर बोट ठेवावं लागे. आता जनहित सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आला आहे. ज्या कागदात काय आहे हे त्याला अजून माहीतच नाही, त्याच्या बळावर तो काय सिद्ध करणार?

माहिती अधिकाराचा गैरवापर होतो, धमकावून पैसे उकळणारे अर्जदार असतात, हा आक्षेप मी हलका मानत नाही. सासरच्या भांडणात सुनेचा पगार मागणारे अर्जही येतात. एखाद्या लाभार्थी बाईचा मोबाईल नंबर, आधार क्रमांक, बँक खातं चव्हाट्यावर येणं हा तिच्यावरचा अन्यायच आहे. पण त्यावरचा उपाय २००५ च्या कायद्यातच होता आणि आजही आहे. कलम १० प्रमाणे कागदातला नाजूक भाग झाकून उरलेला कागद द्यायचा. आधार, फोन, खाते क्रमांक, आजाराची नोंद यांवर खुशाल काळी पट्टी मारा. नाव, गाव, काम आणि रक्कम मात्र दिसू द्या.

न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्येच सुचवलं होतं की माहिती अधिकाराखाली दिलेली माहिती हा खाजगीपणाचा भंग मानू नये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये बदल सुचवला खरा, पण त्यातही होणारं नुकसान जनहितापेक्षा जास्त असेल तरच नकार, हा तराजू कायम होता. दोन्ही अहवाल सरकारनेच मागवलेले. अखेर केलेल्या कायद्यात त्या कलमातून तराजूच काढून टाकला.

मला सर्वांत जास्त खुपतो तो अंमलबजावणीचा क्रम. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम आले. कंपन्यांनी आपली माहिती जपावी, चूक झाली तर कळवावी, मागितली तर पुसावी, या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम ४४(३) मात्र लगेच अमलात आलं. नागरिकाला ज्या संरक्षणासाठी हा कायदा हवा होता ते लांबणीवर, आणि नागरिकाचा हक्क कमी करणारा भाग तात्काळ. शिवाय कंपनीच्या हलगर्जीपणाबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही मिळणार नाही.

खाजगीपणा ही दुबळ्याची ढाल आहे. सरकारी पैसा आणि सरकारी सही यांच्यावर ती धरली की तिच्याआड दुबळा उरत नाही. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमीन व्यवहारांचे कागद बाहेर काढणारा तो कार्यकर्ता होता. असल्या माणसांच्या हातातलं हत्यार आपण बोथट करून बसलो आहोत, याचा मला राग येतो.

कलम ४४(३) रद्द व्हावं यासाठी आपापल्या खासदाराला लिहा. आणि तोवर अर्ज करणं थांबवू नका. महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, एवढीच अट आहे. अर्जातच लिहा की कलम १० प्रमाणे आधार, फोन आणि खाते क्रमांक वगळून कागद द्यावेत, आणि कलम ८(२) खालचं जनहित काय ते दोन ओळींत मांडा. नकार आला तर ३० दिवसांत वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.